सबवूफरवर बसलेली सासू

पादांगच्या रस्त्यावर मुकी आंकोत रिकामी धावते. कॉलेजला कितीही उशीर झालेला असो, पोरं-पोरी थांब्यावर उभी राहतील, गाणं नसलेल्या गाडीकडे ढुंकूनही बघणार नाहीत आणि लांबून गाण्याची धमक जाणवली की दप्तरं सावरत पुढे सरकतील. आंकोत म्हणजे शेवटी आपलं वडापच. ठरलेल्या रस्त्याने जायचं, कोणी हात केला की थांबायचं. पण पादांगच्या माणसाला वडापसुद्धा पोटात दणका देणारंच लागतं, त्याला कोण काय करणार.

असरीझाल हा असल्याच एका गाडीचा मालक, चालक आणि वायरमन. लोक त्याला उदा झाल म्हणत. उदा म्हणजे दादा. गाडी तो चालवायचा ती पोटासाठी. जीव होता तो मागे, पेटीत. दारांत चार स्पीकर, छताला चार, पुढच्या सीटखाली दोन अॅम्प्लिफायर, पायाशी जास्तीची बॅटरी आणि मागच्या बाकाच्या जागी सबवूफरची लाकडी पेटी. गाणं रंगात आलं की हेडलाइट धमकेबरोबर मिचमिचायचे. गाडीत बसायचे दहा जण, ते आता जेमतेम सहा मावत. बाकीच्या चौघांची जागा आवाजाने घेतली होती, आणि आवाज काही भाडं देत नाही, असं त्याच्या घरातले मोठे लोक त्याला ऐकवत.

या गोंगाटात उतरणाऱ्याची हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं. लोक ‘डावीकडे, उदा’ म्हणून ओरडायचे आणि समुद्रापर्यंत जाऊन परत यायचे. एका मास्तरीणबाईंना तर असा तीनदा समुद्र घडला. त्यावर असरीझालने तोड काढली. आवाज कमी करायचा सोडून त्याने स्वतःच्या डाव्या मनगटाला दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक मागे लोंबतं सोडलं. ज्याला उतरायचं त्याने ओढावं. बाजाराच्या दिवशी त्याचा डावा हात संध्याकाळी उजव्यापेक्षा लांब दिसायचा, असं त्याची बायको देस्मा सांगते, आणि ती सहसा खोटं बोलत नाही.

गाव भूकंपाचं. जमीन कधी हलेल सांगता येत नाही, म्हणून भांडी खणखणली की लाटेच्या भीतीने लोक आधी टेकडीकडे पळतात आणि मग विचार करतात. असरीझालची गाडी गल्लीत शिरली की भांडी खणखणायचीच. एकदा तर शेजारचे म्हातारे गृहस्थ अंगाला साबण लागलेला असताना पंचानिशी टेकडीच्या वाटेला लागले आणि त्यांच्या मागून अर्धी गल्ली. वर पोचल्यावर कोणीतरी म्हणालं, ‘थांबा रे, हे गाणं मला पाठ आहे.’ त्यानंतर महिनाभर असरीझाल गल्लीच्या तोंडाशीच आवाज बंद करत असे. मग पुन्हा सुरू. सुंभ जळतो, पीळ कुठे जळतो.

घर त्याचं नव्हतं. तिकडे कोणाही नवऱ्याचं घर त्याचं नसतं. घर, जमीन, भातखाचरं सगळं आईकडून मुलीकडे जातं, लग्न झालं की पुरुष कपड्यांची बॅग घेऊन बायकोच्या घरी राहायला येतो, आणि घरातले निर्णय घेतो बायकोचा मामा. जावयाला ते लोक जळक्या खुंटावरची राख म्हणतात. वारा आला की गेली. जावई चांगला असला तर वारा जरा हळू येतो, इतकंच.

आणि या घरात वारा म्हणजे सासू, आमाक रोसनी. आमाक म्हणजे आई, पण गल्लीतल्या कोणाला तिच्या तोंडून आईपण कधी ऐकू आलं नव्हतं. बाजारात तिचं खोबरं दळायचं यंत्र होतं. सारा जन्म त्या यंत्राच्या घरघरीवर ओरडून गिऱ्हाइकांशी बोललेली बाई. तिचा खालचा सूरसुद्धा दोन घरं पलीकडे जायचा. जावयाशी मात्र ती सरळ बोलत नसे. तशी पद्धतच नाही. जावयाने सासूशी अदबीने गप्प राहायचं आणि सासूने जावयाला आडून सुचवायचं. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमाकने त्यासाठी एक तपकिरी कोंबडी ठेवली होती.

“कोंबडे,” ती पायरीवर बसून म्हणायची, “काही लोकांना दुसऱ्यांदा भात वाढला की तिसऱ्यांदाही पान पुढे करावंसं वाटतं. तू तशी नाहीस हो.”

असरीझाल पान मागे ओढून घ्यायचा. कोंबडी निर्विकार.

मग आमाकचे कान गेले. थोडे थोडे करत एका वर्षात पूर्ण. डॉक्टर म्हणाले, वय आणि खोबऱ्याचं यंत्र. तिचा धाकटा भाऊ, घराण्याचा कारभारी, ज्याला सगळे दातुक या पदवीनेच ओळखत, तो म्हणाला, यंत्र कसलं, जावयाची गाडी. असरीझालने डॉक्टरांवर विश्वास ठेवला खरा, पण रात्री कूस बदलताना त्याला दातुकचंच पटायचं. तो मनातून झुरत होता.

कान गेले, जीभ होती तिथेच राहिली. पण उत्तर ऐकू न येणाऱ्या माणसाने बोलायचं तरी किती. आमाकने यंत्र विकलं, बाजारात जाणं सोडलं, शेजारणींकडे जाणं सोडलं. देस्मा कानाशी ओरडायची तेव्हा ती मान फिरवायची. शेवटी बोलायला कोंबडीच उरली, कारण कोंबडी आधीपासूनच उत्तर देत नव्हती. घरात इतकी शांतता पसरली की असरीझाललाही घास गिळताना अवघडल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी तो अंगणात गाडी उभी करून नवा अॅम्प्लिफायर जोडत होता. आमाक आत झोपलीय, आणि तसंही तिला काय ऐकू येणार, म्हणून त्याने आवाज मनसोक्त सोडला. बघतो तर आमाक दारात. एक हात ओसरीच्या खांबावर. तिने खांबाला तळवा लावला, काढला, पुन्हा लावला. मग चपला सोडून अनवाणी खाली आली, गाडीच्या मागच्या दाराने वर चढली, लुंगीचा घोळ नीट केला आणि सबवूफरच्या पेटीवर बसली.

असरीझालची पाचावर धारण बसली. आता ही पेटी फोडणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

आमाकने डोळे मिटले. दोन्ही तळवे पेटीवर टेकवले. गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. तिच्या ओठांची कड जराशी वर गेली होती. किती महिन्यांत घरात कोणी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग ती उतरली, चपला घातल्या आणि पायरीवर बसून कोंबडीला म्हणाली, “आवाज आहे, पण रश्शात पाणी फार आहे.”

असरीझालच्या कपाळावर घाम होता, तरी त्याला पटलं. तिचं बरोबर होतं. पेटीला एक बारीक फट राहिली होती.

दुसऱ्या दिवशी फट बुजवून त्याने गाडी अंगणात आणली आणि देस्माकरवी निरोप दिला. आमाक येऊन बसली. या वेळी तो गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत असा फेरफटका मारून आला. “अजून नाही,” कोंबडीला कळवण्यात आलं. मग रोजचंच झालं. चारच्या सुमारास असरीझाल भाडी सोडून घरी यायचा, आमाक पेटीवर बसायची, दोघं समुद्रापर्यंत जाऊन यायची, येताना ती कागदाच्या पुडीत तळलेली केळी घेऊन यायची, आणि निकाल लागायचा. नापास.

गोष्ट ड्रायव्हरांच्या थांब्यावर गेली. आधी हसले. मग एक दिवस नोफ्रिवाल नावाचा धिप्पाड ड्रायव्हर, ज्याच्या गाडीला तीन आरसे आणि एक धबधब्याचं चित्र होतं, गुपचूप अंगणात आला. “आमाकला बसवा की जरा,” म्हणाला. आमाक बसली आणि उठली.

“पोटात लागतं, हाडात लागत नाही,” तिने कोंबडीला सांगितलं.

नोफ्रिवालने पेटीत उशीतला कापूस भरून पाहिला, अॅम्प्लिफायरची बटणं फिरवून पाहिली, आठ दिवसांनी आला, आणि आमाकने पेटीवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करून अंडं फेटून घातलेला तिकडचा चहा मागितला. पासची खूण हीच. नोफ्रिवालला रडू फुटलं. त्याने पुढच्या काचेवर सोनेरी अक्षरांत स्टिकर लावला: ‘आमाक रोसनी पसंत’.

झालं. थांब्यावरच्या पोरी आता गाडीचा नंबर बघेनात, स्टिकर बघू लागल्या. गाड्या रांगेने अंगणात येऊ लागल्या. येताना कोणी मटणाचा डबा आणे, कोणी फणसाची भाजी. बाई दिवसाला चार-चार गाड्यांवर बसे आणि तोंडावर सांगे, “हिचं जेवण झालेलं नाही. भूक लागलीय हिला. तार जाड घाल.” तार जाड घातली की खरंच फरक पडायचा. तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती, कारण ऐकूच येत नसे. न्यायाधीश असावा तर असा.

सगळ्या गावाच्या गाड्या पास झाल्या. एकच पास झाली नाही. थांब्यावर असरीझालला बघितलं की कोणीतरी म्हणायचंच, “काय उदा, दिव्याखाली अंधार?” तो हसून घ्यायचा. त्याच्या गाडीत काय कमी आहे ते त्याला कळत नव्हतं. त्याने काय काय बदललं नाही. आणि प्रत्येक दिवशी समुद्रावरून परतल्यावर तेच, कोंबडीकडे बघून, “अजून नाही.” सासूला आपण या घरात नको आहोत, असा अर्थ त्याने हळूहळू लावून घेतला. बायकोला तसं म्हणालाही.

“आमाकला तुम्ही नको असता,” देस्मा म्हणाली, “तर तुमची बॅग पायरीवर दिसली असती. तिला कोंबडीची काय गरज होती?”

“मग पास का करत नाही?”

“माझ्या हातची कढी तरी तिने कुठे पास केलीय अजून.”

अशात दातुकने घरची बैठक बोलावली. दातुक बोलायला लागला की म्हणींवर म्हणी; एक म्हण संपायच्या आत दुसरीचं शेपूट दिसायचं. मथितार्थ एवढाच होता की जावयाचं वय निघून चाललंय. पुरुषाने परमुलखात जावं, खानावळ टाकावी नाहीतर कापड विकावं, वर्षाकाठी ईदला घरी यावं, तेव्हा त्याला चारचौघांत मान मिळतो. दातुकच्या ओळखीने जकार्तात कापडाच्या दुकानात जागा होती. गाडी विकून टाकावी आणि जावयाने महिन्याभरात निघावं.

असरीझाल खाली मान घालून बसला होता. देस्माला सोडून जायचं, वर्षातून एकदा पाहुण्यासारखं यायचं, या विचाराने त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण जावयाने बैठकीत तोंड उघडायचं नसतं. देस्माने आईच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. अख्ख्या गल्लीला कळलं, आमाकला निम्मं कळलं असावं. ती भावाकडे वळली.

“येत्या रविवारी दुपारची नमाज झाली की मी याच्या पेटीवर बसेन,” ती म्हणाली. “पास झाली तर राहील. नापास झाली तर जाईल.”

दातुकने लगेच मान डोलावली. दोन वर्षांत जे झालं नाही ते रविवारी काय होणार होतं. सुंठीवाचून खोकला गेला, असा त्याचा चेहरा झाला. देस्मा उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने विनाकारण एक पातेलं घासलं.

असरीझालने आठवडाभर भाडं घेतलं नाही. दोन पंधरा इंची वूफर आणले आणि फणसाच्या फळ्यांची नवी पेटी ठोकली. एवढी मोठी की ती बसल्यावर गाडीत ड्रायव्हर आणि सासू याखेरीज कोणी मावेना. नवा अॅम्प्लिफायर, अंगठ्याएवढी जाड तार, नवा फ्यूज. रविवारी सकाळी फक्त दोन वूफरना तारा जोडायच्या उरल्या. लाल तार संपली होती म्हणून त्याने दोन्हीकडे पांढरीच घेतली. कुठली प्लस आणि कुठली मायनस हे त्याला झोपेतही कळायचं. डावीकडची प्लस, उजवीकडची मायनस.

मागच्या दाराशी उभं राहून, ओसरीकडे पाठ करून त्याने पहिला वूफर जोडला. डावी प्लस, उजवी मायनस. एवढ्यात दातुक दोन वडीलधाऱ्यांना घेऊन हजर, वेळेच्या कितीतरी आधी. काळी टोपी, खांद्यावर शाल. पानाचं तबक पुढे झालं आणि दातुकने बसल्या बसल्या भाषणाला सुरुवात केली. आता दातुक बोलत असताना त्याच्याकडे पाठ करायची म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. असरीझालने पक्कड खाली ठेवली, हात जोडले, भाषण ऐकलं, रीतीप्रमाणे चार ओळींचं उत्तर दिलं. दातुकने त्या उत्तराला उत्तर दिलं. मग उजवीकडचे वडीलधारे बोलले. त्यांनाही उत्तर द्यावं लागलं. ऊन डोक्यावर आलं.

शेवटी असरीझालने युक्ती केली. तो बाजूच्या दाराने गाडीत शिरला, सरपटत पेटीच्या मागे गेला आणि पेटीवरून वाकून, तोंड ओसरीकडे, चेहऱ्यावर आदर, असा दुसरा वूफर जोडू लागला. दातुक शेतकरी आणि म्हशीची म्हण सांगत होता. असरीझाल दर वाक्याला मान हलवत होता आणि बोटं खाली काम करत होती. डावी प्लस, उजवी मायनस. फक्त तो आता उलट्या बाजूने बघत होता, तेव्हा त्याची डावी होती ती पेटीची उजवी. हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. अदब सांभाळताना माणसाचं एवढं नुकसान क्वचितच झालं असेल.

दुपारी अंगण भरलं. स्टिकरवाले सगळे ड्रायव्हर आले. शेजारचे पंचावाले गृहस्थ आज पूर्ण कपड्यांत, पायात बूट घालून आले होते. आमाकने चपला सोडल्या, वर चढली, लुंगीचा घोळ नीट केला, बसली.

असरीझालने बटण फिरवलं.

दारातले स्पीकर कडाडले, छतातले किंचाळले, लोकांनी कानांवर हात ठेवले. आणि पोटात काहीच झालं नाही. ओसरीवरची कपबशी हलली नाही. हेडलाइट मिचमिचत होते, अॅम्प्लिफायर तापत होता, दोन्ही वूफर जीव तोडून हलत होते, पण एक पुढे ढकलत होता तेव्हाच दुसरा मागे ओढत होता, आणि मधली हवा जागच्या जागी बसून होती. दोघांची सगळी ताकद अशी आपापसात भांडून संपत होती. ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले. पंचावाल्या गृहस्थांनी बुटांची नाडी सोडली.

असरीझालला क्षणात कळलं. एक तार. दोन मिनिटांचं काम. पण दातुकने आधीच घसा खाकरून समारोपाला सुरुवात केली होती, “ज्याचं मूळ उथळ, त्याची सावली...” आणि दातुकचं वाक्य तोडून, त्याच्याकडे पाठ करून पेटीत हात घालणं असरीझालला या जन्मात जमणार नव्हतं. तो मनगटाची दोरी चोळत उभा राहिला. देस्मा दारात होती. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

आमाक डोळे मिटून बसली होती. तळवे पेटीवर. एक गाणं संपलं. दुसरं अर्ध्यावर आलं. तिने एक तळवा उचलून जरा बाजूला ठेवला, दुसरा उचलून पलीकडे ठेवला. मग डोळे उघडले, भावाकडे पाहिलं, आणि पेटीवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं.

“चहा,” ती म्हणाली. “अंडं दोन घाल.”

“आमाक,” नोफ्रिवाल पुढे आला. देवळातला देव हलल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. “आमाक, बेस कुठाय यात?” तो तिच्या तोंडासमोर जाऊन ओरडला, पोटावर हात मारून दाखवला, मान हलवून दाखवली. आमाकने त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हटलं, “चहा गार होईल.”

दातुक उठला. “ताई, हे सगळे म्हणतायत की...”

त्याचे ओठ तिला नीट दिसले असावेत. “बुयुंग,” ती म्हणाली. पदवीधारी कारभाऱ्याला चारचौघांत तिने बाळ म्हणून हाक मारली. “घर माझं, पेटी माझ्या जावयाची, आणि बूड माझं. त्याला काय लागलं ते तुला काय कळणार? बस आणि चहा घे.”

दातुक बसला. त्याला तेवढ्यापुरती एकही म्हण आठवली नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. म्हातारीचं बूड गेलं, लोक म्हणाले. कान गेले होते, आता तेही गेलं. दुसऱ्या दिवशी थांब्यावर ड्रायव्हर ब्लेडने काचांवरचे स्टिकर खरवडत होते. नोफ्रिवालने अश्रू पुसत खरवडला, पण खरवडला. मटणाचे डबे बंद झाले, अंगणातली रांग मोडली. दिवसाला चार गाड्यांवर बसणारी बाई दुपारभर पायरीवर एकटी बसून होती. असरीझाल गाडीतून ते बघून गेला. आपल्यापायी तिचे कान गेले की नाही कोण जाणे, पण हा मान मात्र आपल्यापायीच गेला, हे त्याला कळत होतं.

थांब्यामागच्या आंब्याखाली त्याने तार सरळ केली आणि चार वाजता गाडी अंगणात आणली. आमाक येऊन बसली. त्याने बटण फिरवलं आणि ओसरीवरची कपबशी टेबलावरून चालत चालत खाली पडली. कौलं खडखडली, पलीकडचे गृहस्थ टेकडीच्या वाटेला लागले, कोंबडी फणसावर चढली. आमाकच्या लुंगीचा काठ थरथरत होता, गाल थरथरत होते, मिटलेल्या डोळ्यांच्या पापण्या थरथरत होत्या. असला दणका पादांगमध्ये कोणत्याच गाडीने दिला नव्हता.

गाणं संपलं. कोंबडी खाली नव्हती, म्हणून आमाक झाडाकडे बघून म्हणाली, “अजून नाही.”

असरीझालने गाडी बंद केली. मागे गेला आणि रीत, अदब, सगळं गुंडाळून सासूच्या समोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी सरळ बोलला, एकेक शब्द सुटा करून, तिला ओठ दिसतील असा.

“आमाक, काल यात धमक नव्हती.”

“नव्हतीच,” आमाक म्हणाली. “एक ढकलत होता, एक ओढत होता. बूड गार पडलं माझं.”

“मग काल पास कसं केलंत? आणि आज नापास?”

आमाकने आजूबाजूला पाहिलं. कोणी नाही असं बघून तिने आवाज खाली घेतला. तिचा खाली घेतलेला आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना गेला.

“काल नापास केलं असतं तर तू गेला असतास,” ती म्हणाली. “आणि आज पास केलं तर उद्या चार वाजता मला कोण बोलावणार? पास झालेल्यांतला एक तरी परत येतो का मला समुद्रावर न्यायला?”

आतून पातेलं घासल्याचा आवाज येत होता तो थांबला. असरीझालने तोंड उघडलं असतं तर तो रडला असता, आणि जावयाने सासूसमोर रडायची तर कुठलीच रीत नाही. त्याने तिला हात देऊन खाली उतरवलं, चपला पायाशी सरकवल्या. मग तिच्या देखत पेचकस घेतला, पेटीमागे वाकला आणि उद्या चारच्या नापासाची सोय म्हणून एका वूफरच्या दोन्ही तारा काढून पुन्हा उलट्या जोडल्या.